अळणी नवस आणि वीस कोस सायकल

शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९३६

आज जुम्मा, दफ्तर बंद. म्हणून ही वही सुरू करतो. दफ्तरातली डायरी निजाम सरकारच्या फसली सनातली आणि उर्दूतली, तिच्यात कामाशिवाय काही लिहिता येत नाही. ही खासगी. ताराने वाचू नये म्हणून ट्रंकेत ठेवणार आहे. ट्रंकेची किल्ली ताराकडेच असते, पण तो विचार नंतर करू.

मी देवी टोचणारा. गेले चार हंगाम जालन्याहून आसपासच्या गावांना जातो आणि लेकरांच्या दंडावर लस टोचतो. खेड्यात मला ‘देवीवाला’ म्हणतात, जणू देवी मीच पिशवीत घालून फिरवतो. नोकरी हंगामी आहे. दिवाळीनंतर सुरू होते आणि पाडव्याला संपते, कारण ऊन तापलं की नळीतली लस मरते, आणि लस मेली की आम्हीही घरी.

यंदा एक जागा कायम होणार आहे. इन्स्पेक्टर साहेबांनी मला आणि दुसऱ्या हंगामी देवीवाल्याला, भुजंगला, समोरासमोर उभं करून सांगितलं. राजूरच्या पलीकडे खडकवाडी म्हणून गाव आहे, तिथे तीन वर्षांत गावाने एकाही लेकराला हात लावू दिलेला नाही. पाडव्याच्या आत जो ते गाव रजिस्टरवर आणील, त्याची जागा. भुजंग माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जुना, आणि त्याच्याकडे स्वतःची घोडी आहे. तो दोनदा जाऊन हात हलवत परत आला. आता माझी पाळी, आणि माझ्यासाठी खात्याने सायकल दिली आहे. जालना ते खडकवाडी दहा कोस, परतीचे दहा. सकाळच्या गाडीने लस उतरली की ओल्या फडक्यात गुंडाळून ऊन चढायच्या आत गाव गाठायचं.

सोमवारी राजूरला गणपतीपुढे उभा राहून नवस बोललो: जागा कायम होईपर्यंत मीठ खाणार नाही. बोलताना फार सोपं वाटलं. आज पाचवा दिवस. अळणी वरणाइतकी उदास वस्तू जगात दुसरी नसेल. तारा माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवते आणि ते जरा आपटूनच उतरवते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सायकलवरची पहिली लांब फेरी. राजूरच्या शाळेत सात मुलांना टोचलं. मुलं रडली नाहीत, मास्तरांना मात्र घेरी आली आणि त्यांना ओसरीत निजवावं लागलं.

येताना खरी गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणतो. अर्ध्या वाटेवर उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाय पायडलवर खिळल्यासारखा झाला. सायकल बाभळीच्या झाडीत, मी तिच्याखाली. शेजारच्या शेतात मोट हाकणारा एक म्हातारा बैल सोडून धावत आला. कडूबा त्याचं नाव. मी पोटरी दाबत, चोळत, देवाचं नाव घेत पडलो होतो. त्याने माझी टाच एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने बोटं नडगीकडे ओढली, आणि तशीच धरून ठेवली.

“आदी चोळायचं न्हाई. आदी वढून धरायचं. गोळा सुटला की मंग चोळा.”

गोळा खरंच सुटला. सरकारी औषध खात्याचा मी माणूस, आणि मला हे मोटेवरच्या माणसाने शिकवावं, याची लाज वाटली. आभार मानले, पण थोडे कमीच मानले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पोटरी दुखते आहे. शेजारी सांगतात वात. सायकल दुरुस्त करणारा सांगतो, सीट खाली आहे. आमच्या आळीतले वैद्य लसणाचं तेल लावायला सांगतात. तारा म्हणाली, “पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही अंबडपर्यंत चालत गेला होता, तेव्हा काही झालं नव्हतं.” मी म्हटलं चालणं वेगळं आणि सायकल वेगळी. ती म्हणाली, “मीठही वेगळं.” बायकांना नवसाचं गांभीर्य नसतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सीट वर करून घेतली. सायकलवाल्याने नीट समजावलं: पायडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर सगळा भार मांडीच्या पुढच्या बाजूवर आणि पोटरीवर येतो. त्याचं म्हणणं बराबर निघालं, गुडघे दुखायचे थांबले. पेटके मात्र थांबले नाहीत. आज तर डावी पोटरीही सामील झाली. हसू येतं, पण आज कडूबाच्या शेतापर्यंत पोचलोही नाही, त्याच्या आधीच पडलो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

खडकवाडी पाहिली. गाव लहान, चाळीसेक घरं, पाऊणशे माणसांना पुरेल एवढीच सावली. मला बघून दारं लागली. कुत्र्यांनी तेवढं स्वागत केलं.

एका घराचं दार उघडं होतं. सगुणाबाई म्हणून तिशीतली बाई, तिच्या शब्दाबाहेर गावातल्या बायका जात नाहीत हे मला वाटेतच कळलं होतं. तिची दोन लेकरं देवीत गेली, एकाच आठवड्यात. तिसरी तीन वर्षांची नंदी अंगणात खेळत होती. केस जन्मापासून कापलेले नाहीत, कान टोचलेले नाहीत. सगुणाबाईने मला बसायला घोंगडी दिली आणि शांतपणे सांगितलं की दुसरं लेकरू गेलं तेव्हा तिने आईला, म्हणजे देवीला, बोलून ठेवलंय: पुढचं जगलं तर पाच वर्षं त्याच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही. कात्री नाही, सुई नाही, माझं टोचायचं नस्तर तर नाहीच नाही.

मी चांगलं अर्धा तास बोललो. म्हटलं, बाई, हे सगळं भीतीपोटी. देव इतका कोपिष्ट नसतो. बोललेला शब्द माणसाच्या भल्याच्या आड येत असेल तर देवच तो माफ करतो. माझं बोलणं इतकं रंगलं की दारामागून दोन-तीन बायका बाहेर येऊन ऐकू लागल्या. सगुणाबाईने सगळं ऐकलं, मला पाणी विचारलं, मी नको म्हटलं (आम्ही घरचंच पितो), आणि ती म्हणाली, “तुम्ही चांगलं बोलता. पन माझी दोन गेलेत.”

परतीला राजूरपाशी दोन्ही पाय एकदम वळले. कुणी बघत नव्हतं तेवढं एक बरं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ताराला खडकवाडीची सगळी हकीकत सांगितली. मी काय काय बोललो तेही, जसंच्या तसं. ती पोळी लाटत ऐकत होती. माझं संपल्यावर लाटणं थांबवून म्हणाली, “हे सगळं तुम्ही तिला सांगितलंत?”

मी म्हटलं, हो, शब्दन् शब्द.

“बरं,” म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. तिच्या ‘बरं’चा अर्थ लावत मी दोन तास घालवले. काही हाती लागलं नाही.

मंगळवार, ३ मार्च

आज नवा उपाय. कुणीतरी सांगितलं पाणी कमी पडतं म्हणून पेटके येतात. मला पटलं, कारण मी घरून एकच फिरकीचा तांब्या नेतो आणि वाटेत कुठलं पीत नाही. म्हणून आज दोन तांबे नेले, आणि निघताना पोटभर प्यालो. पाणी पोटात डचमळत होतं, सायकल उतारावर असली की आवाजही यायचा. ऊन आता चढायला लागलं आहे, कोट पाठीला चिकटतो, टोपीच्या कडेला घाम वाळून पांढरी रेघ उमटते. पाणी वाढवलं तर पेटके जावेत. ते आज उलट जास्त आले, चार वेळा, आणि हातापायांत मुंग्या, डोकं जड. पाण्याचा उपाय बाद.

केळी खाऊन पाहिली. तेल लावून पाहिलं. निघायच्या आधी पाय ताणून पाहिले, हा उपाय चांगला आहे, पहिले तीन-चार कोस सुखाचे जातात. सुरुवातीला दामटायचं नाही, हेही कळलं. मी शिकतो आहे, पण पाय शिकत नाहीत.

सोमवार, ९ मार्च

धुळवड. सुट्टी नव्हती. कडूबाच्या शेताशी थांबलो, आता त्याला सांगावंही लागत नाही, मी दिसलो की तो मोट थांबवतो. आज तो बैलांना हातावर खडेमीठ चारत होता. पांढऱ्या बैलाची जीभ त्याच्या तळव्यावर अशी फिरत होती की तळवा झिजेल की काय वाटावं. मी विचारलं, हे कशाला?

कडूबा म्हणाला, उन्हाळ्याच्या तोंडाला बैल भिंत चाटायला लागला, दुसऱ्या बैलाचं अंग चाटायला लागला, की समजायचं त्याला मीठ पाहिजे. घाम चाटून बघा, खारट लागतो. जे घामात गेलं ते परत घातलं नाही तर बैल पाय वढायला लागतो. मग मला वरपासून खालपर्यंत बघून त्याने विचारलं, “तुम्ही जेवाय काय घेता?”

मी भाकरी, वरण, भात असं सांगितलं. मीठ सांगितलं नाही. पण कडूबा बैलाची नजर वाचणारा माणूस. त्याने पुन्हा विचारलं आणि मी सांगून टाकलं, नवसासकट. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, “बैलाला नवस बोलता येत न्हाई, म्हून त्याचं बरं हाये.”

बैल आणि माणूस यांत फरक आहे. बैलावरून माणसाचं ठरवता येत नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःला हे समजावत होतो, आणि तीनदा सायकलवरून उतरलो.

मंगळवार, १० मार्च

आज मनगट चाटून पाहिलं. खारट आहे.

याचा अर्थ काय होतो ते मला लिहायचं नाही. समजा कडूबा म्हणतो तसं असेल, तर मी जागेसाठी जो नवस केला तोच मला जागेपासून लांब ठेवतो आहे. पण नवस गणपतीला आहे. पेटका आला तर पाय दुखतो, नवस मोडला तर काय होईल ते माहीत नाही. चार वर्षं हंगामी राहिलो, आता कुठे नशिबाने मान वळवून बघितलं आहे, अशा वेळी देवाला नाराज करायचं? नाही. सहन करीन.

गुरुवार, १२ मार्च

खडकवाडीपासून दोन कोसांवर एका वस्तीत देवी निघाली. तीन लेकरं आजारी. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की बुधवारी येणारी लस ही हंगामातली शेवटची, त्यानंतर लसीला ऊन सोसणार नाही. बुधवारी मी खडकवाडी केली नाही तर दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः उरलेली लस, भुजंग आणि शिपाई घेऊन जातील. शिपाई घेऊन गेलं की बायका लेकरं घेऊन रानात पळतील, हे साहेबांनाही माहीत आहे. “जबरदस्तीसे कुछ नहीं होता, मगर रिपोर्ट तो होती,” असं म्हणाले.

आज जागेचा विचार मनात कमी आहे. नंदीचे न कापलेले केस डोळ्यांपुढे येतात. दोन कोस म्हणजे काहीच नाही, एखाद्या पाहुण्याच्या पावलांनी देवी गावात येईल. आणि मी तिथवर पोचेन की नाही हेच मला सांगता येत नाही.

बुधवार, १८ मार्च

जमेल तेवढं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी सातला लस हाती आली. नळ्या ओल्या फडक्यात, फडकं गवताच्या टोपलीत, टोपली हँडलला. पाय ताणले, सावकाश निघालो. कडूबाने वाटेत हात केला, थांबलो नाही. राजूर गाठलं तेव्हा उन्हं चांगली वर आली होती, तरी पाय ठीक होते, आणि मला वाटलं गणपतीने ऐकलं. देवळाच्या डोंगराकडे बघून हात जोडले.

राजूरच्या पुढे एक कोस गेलो आणि दोन्ही पोटऱ्या, मागून दोन्ही मांड्या, सगळं एकदम वळलं. इतकं कधीच झालं नव्हतं. पडलो, पण टोपली वर धरून पडलो. बोटं ओढायला वाकलो तर पोटात गोळा. मग सायकल ढकलत निघालो, पन्नास पावलं जायचं आणि बसायचं. फडकं सुकायला लागलं होतं. तांब्यातलं पाणी फडक्यावर ओतलं.

खडकवाडीच्या शिवारात गहू काढणी चालू होती. दहा-बारा बायका होत्या, सगुणाबाई त्यांत. मला असा लंगडत येताना बघून त्या काम सोडून आल्या. एका बाईने न विचारता माझा पाय धरून बोटं ओढली, म्हणजे हे इथे सगळ्यांनाच माहीत आहे. सगुणाबाईने भाकरीचं गाठोडं सोडलं आणि त्यातून मिठाचा खडा काढून पुढे केला.

“भाकर तुम्ही खानार न्हाई, ठाव हाये. मीठ तरी घ्या. उन्हात आम्ही बी तोंडात टाकतो, न्हाईतर संध्याकाळी उठवत न्हाई.”

मी म्हटलं, मला मीठ चालत नाही.

“कामून? बेमारी हाये?”

खोटं बोललो असतो तर निभलं असतं. पण पोटात गोळा आलेला माणूस खोटं रचू शकत नाही. मी म्हटलं, नवस आहे. नोकरी कायम व्हावी म्हणून गणपतीला बोललोय.

 सगुणाबाई बांधावर माझ्या समोर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, ती रागावली नाही.

“म्हंजी तुमचा गनपती रागावंल,” ती म्हणाली, “आन माझी आई रागावनार न्हाई. त्या दिवशी हेच सांगत होतात व्हय?”

 तीन आठवड्यांपूर्वी हिच्याच अंगणात बसून मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवलं, आणि ताराचं ‘बरं’ही आठवलं. ताराला तेव्हाच कळलं होतं. मलाच तेवढं कळलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, मला भीती वाटते. तुम्हाला वाटते तशीच. त्या दिवशी मी मोठेपणाने बोललो, ते चुकलं. पण ही लस खरी आहे. ही टोचली असती तर तुमची दोन्ही... पुढे मला बोलवलं नाही. बोलायला नकोच होतं ते.

तिने टोपलीकडे बघितलं. आसपासच्या वस्तीत देवी आली आहे हे तिला माझ्याआधी कळलेलं असणार. मग म्हणाली, “तुम्ही मीठ खा. मी नंदीला घेऊन येते. व्हायचं ते दोघांचं मिळून होऊ द्या.”

मी खडा तोंडात टाकला. सदतीस दिवसांनी. जीभ आधी भाजल्यासारखी झाली, मग तोंडाला इतकं पाणी सुटलं की डोळ्यांनाही सुटलं. पाणी तिच्याच मडक्यातलं प्यालो. मोडायचं ते एका दिवसात सगळं मोडून घेतलं.

ती नंदीला घेऊन आली. बाभळीच्या सावलीत बसून तिनेच पोरीचा दंड धरला.  नस्तर टेकवलं तेव्हा नंदी रडली नाही. सगुणाबाई रडली, तोंडाला पदर लावून, आवाज न करता. मग तिने डोळे पुसले आणि बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, “बघत काय बसल्या? आना आपापली.”

एकूण एकोणतीस. गावातलं एकही लेकरू राहिलं नाही.

परतीचे दहा कोस मी मिठाचे दोन खडे खिशात ठेवून आलो, आणि पाय एकदाच वळू पाहिला. पाय असे हलके चालत होते की मला त्यांचीच भीती वाटत होती.

शुक्रवार, २० मार्च

ताराने काही विचारलं नाही, एकच पातेलं चढवलं. आमटी खाताना मला रडू आलं असतं, पण ती बघत होती.

आता शिक्षेची वाट बघणं. काल सायकल पंक्चर झाली. मी ताराला म्हटलं, बघ, सुरुवात झाली. तिने टायर तपासून बाभळीचा काटा माझ्या हातावर ठेवला. सकाळी वाटी फुटली, ती मांजराने पाडली. दुपारी मी शिंकलो. मी आता असा माणूस झालो आहे की शिंकलो तरी राजूरकडे बघतो.

खडकवाडीत नंदीला काही झालं तर? टोचल्यावर ताप येतो, ते ठरलेलंच असतं. पण सगुणाबाई त्या तापाचा अर्थ काय लावील? तिची भीती माझ्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि ती मी तिच्या घरात ठेवून आलो आहे.

मंगळवार, २४ मार्च

पाडवा. कडुनिंबाची चटणी खाल्ली, मीठ घातलेली. साहेबांकडे गेलो. खूश होते. खडकवाडीचं पान उघडून दोनदा वाचलं, “बराबर” म्हणाले. जागेचा कागद हैदराबादला रवाना झालाय, त्यावर दोन्ही नावं आहेत, माझं वर आणि भुजंगचं खाली. जवाब कधी येईल ते खुदाला माहीत. भुजंग तिथेच होता, त्याने माझा हात धरून विचारलं, तुम्ही त्या बाईला असं काय सांगितलंत? मी म्हटलं, काही नाही, तिनेच मला सांगितलं. त्याला पटलं नाही.

उद्या आठवा दिवस. टोचणी उठली की नाही ते बघायला गेलंच पाहिजे.

बुधवार, २५ मार्च

पहाटे निघालो. तांब्यात लिंबू आणि मीठ, खिशात खडे. दर दोन कोसांवर उतरून चार पावलं चाललो, बोटं ओढली. कडूबाला थांबून सांगितलं की तुमचं बैलाचं शास्त्र माणसाला लागू पडलं. तो म्हणाला, “म्या कधी म्हनलं न्हाई पडनार म्हून?”

खडकवाडीत दुपारच्या आत पोचलो, आणि सरळ सगुणाबाईच्या अंगणात. नंदी धावत आली, तिला तापबीप काही नव्हतं. दंडावर फोड सुरेख उठला होता, मधोमध खळगी, कडेने लाली, पुस्तकात चित्र असतं अगदी तसा. सगुणाबाईला दाखवून सांगितलं: हा उठला म्हणजे झालं, आता हिला देवी धरणार नाही. तिने फोडाला लांबूनच हात जोडले. मग हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

ती माझ्यासाठी पाणी आणायला उठली आणि उठता उठता मटकन खाली बसली. पोटरी धरली. मला क्षणभरही विचारावं लागलं नाही की काय झालंय. शेजारणीने पाय ओढला. मी म्हटलं, गहू काढताना मीठ खाल्लं नाहीत का?  शेजारीण म्हणाली, “खाईल कशी? आठ दिस झाले, अळनी खाऊन राह्यली ती.”

मी सगुणाबाईकडे वळलो. ती जमिनीकडे बघून म्हणाली, “तुमचा नवस माझ्यापायी मोडला. देवाला बोललेलं असं मधीच कसं ठिवायचं? म्हून मी चालवून राह्यले. तुमची जागा पक्की झाली की सोडीन.”

आणि तशीच, पाय धरून, मला विचारलं, “झाली का?”

कागद हैदराबादला आहे. खालचं नाव भुजंगचं आहे. जवाब महिन्याने येईल, दोन महिन्यांनी येईल, कदाचित येणारच नाही. आणि ही बाई भर उन्हात दिवसभर वाकून गहू काढणार, अळणी खाऊन, माझ्या नोकरीसाठी.

मी म्हटलं, “झाली. कालच हुकूम आला.”

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ती साधी बाई नाही. “गनपतीची आन?”

“गणपतीची आण,” मी म्हटलं.

मग तिने शेजारणीला मीठ आणायला सांगितलं. खडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि तिचं सगळं तोंड वाकडं झालं. नंदी तिला बघून हसायला लागली. मी बाकीची अठ्ठावीस बघायला उठलो. सगळ्यांची उठली होती, एक सोडून, त्याला पुढच्या हंगामात पुन्हा टोचायचं.

येताना राजूरला सायकल खाली लावली आणि वर गेलो. गाभाऱ्यापुढे उभा राहून, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, स्पष्ट सांगितलं: मीठ खाल्लं, तुझी खोटी शपथही घेतली, दोन्ही जाणूनबुजून. पुढच्या हंगामात मी त्या गावात जाणार आहे, हुकूम असो वा नसो, भुजंगच्या घोडीमागून चालत जावं लागलं तरी. ती शपथ आता खरी करायची की नाही ते तू बघ.

वाटलं होतं, बोलून झाल्यावर भीती वाटेल. भूक लागली. खाली आलो, पाय ताणले, आणि सावकाश घराकडे निघालो.